बटण दाबा आणि बिअर घ्या? त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सध्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: पाण्यात बुडवायचा हीटर, प्लास्टिकचं पिंप आणि एक डिजिटल कंट्रोलर घ्या, 3000 रुपयांत घरच्या घरी बिअरचं ऑटोमॅटिक मशीन तयार. स्वतःपुरती बनवायला परवाना लागत नाही, वर्षाला 378 लिटरपर्यंत सूट आहे. एकदा तापमान लावलं की झोपायला मोकळे. एका खेपेला जेमतेम एक युनिट वीज. जव नाही मिळालं तर ज्वारीला मोड आणा. आणि आपल्याकडच्या उन्हात तर चारच दिवसांत माल तयार.

पॅनेल वायरिंग हे माझं रोजचं काम. त्यामुळे ‘भाऊ, एवढं करून द्या’ म्हणत बऱ्याच जणांनी हा मेसेज मलाही पाठवला. मी करून देणार नाही. का, ते एकेक करून सांगतो.

आधी परवान्याचं. 378 लिटर हा आकडा आला कुठून, ते बघा. अमेरिकेचे 100 गॅलन म्हणजे साधारण 378 लिटर. अमेरिकेत 1978 साली कायदा बदलला आणि एका प्रौढ माणसाला वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला 200 गॅलन बिअर घरी बनवायची मुभा मिळाली, तीही विकायची नाही या अटीवर. कुणीतरी तिथला नियम उचलला, लिटरमध्ये केला आणि आपल्या माथी मारला. आपल्याकडे दारू हा राज्याच्या अखत्यारीतला विषय आहे आणि महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे. त्याचं 12 वं कलम परवान्याशिवाय दारू बनवायला मनाई करतं, आणि ब्रुअरी उभारायला किंवा चालवायलाही. या कायद्यात बिअर ही दारूच धरली आहे. ‘माझ्याकडे परमिट आहे’ असं काही जण सांगतात. ते परमिट पिण्याचं आणि जवळ बाळगण्याचं आहे, बनवण्याचं नाही. गुन्हा सिद्ध झाला तर कैद आणि दंड दोन्ही आहेत. मेसेज पुढे ढकलणारा तेव्हा जामिनाला येणार नाही.

इथेच विषय संपायला हवा होता. पण हाच हीटर-कंट्रोलरचा जुगाड लोक दूध तापवायला आणि जनावरांचा भरडा शिजवायलाही वापरू लागलेत. म्हणून वायरिंगबद्दल सविस्तर लिहितो. खरा जिवाचा धोका तिथे आहे.

3000 रुपयांच्या यादीत आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) नाही, कॉन्टॅक्टर (मोठा लोड चालू-बंद करणारा, कॉईलवर चालणारा स्विच) नाही, अर्थिंगचा तर उल्लेखच नाही. ‘घरात एमसीबी आहे ना’ हे उत्तर ऐकून मी थकलो. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. तो जास्त लोड झाला किंवा शॉर्ट झालं तर पडतो. अंगातून जाणाऱ्या करंटची त्याला दखलही नसते. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. आता त्यात प्लास्टिकचं पिंप. हीटरच्या नळीला चीर पडली की आतलं पाणी फेजवर येतं. भांडं स्टीलचं आणि नीट अर्थ केलेलं असेल तर गळती लगेच जमिनीत जाते आणि आरसीसीबी त्याच क्षणी पडतो. प्लास्टिकमध्ये करंटला जायला वाटच नाही, म्हणून सगळं ठीक दिसत राहतं, जोवर कुणी पळी घेऊन ढवळायला जात नाही. म्हणजे अर्थिंगचं काम ढवळणाऱ्याच्या अंगावर येतं.

हीटर किती वॅटचा घ्यायचा, हेही मेसेजमध्ये नाही. 1500 वॅटचा हीटर 230 व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढतो, म्हणजे घरातल्या साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटला तो आधीच जड. 3000 वॅटचा लावला तर 13 अँपिअर. त्याला 16 अँपिअरचं सॉकेट, किमान अडीच एमएमची वायर आणि स्वतंत्र एमसीबी हवा. स्वस्त डिजिटल कंट्रोलरवर बहुतेक 10 अँपिअर लिहिलेलं असतं. त्यावर 13 चा लोड टाकला की आतल्या रिलेचे (हीटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) पॉइंट कधीतरी चिकटतात.

आता ‘तापमान लावा आणि झोपा’. पॉइंट चिकटले की डिस्प्लेवर हीटर बंद दिसतो आणि पिंपात तो चालूच असतो. यावर उपाय म्हणून रिलेऐवजी एसएसआर (पॉइंट नसलेला इलेक्ट्रॉनिक रिले) लावा, असं कुणीतरी सुचवतं. एसएसआर चांगली वस्तू आहे, मी स्वतः लावतो. पण ती खराब होते तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन, म्हणजे चालू अवस्थेतच अडकते. वर 13 अँपिअरला ती पंधरा-वीस वॅट उष्णता स्वतःच सोडते. हीटसिंक नसेल आणि मे महिन्यात भुसावळच्या पत्र्याच्या खोलीत पॅनेल टांगलेलं असेल, तर तिच्यावर छापलेले 40 अँपिअर कागदावरच राहतात. म्हणून एसएसआरच्या आधी एक कॉन्टॅक्टर, आणि त्याच्या कॉईलच्या लाइनमध्ये कंट्रोलरपासून पूर्ण वेगळा असा हाय-लिमिट थर्मोस्टॅट (तापमान हद्दीबाहेर गेलं की तोडणारा) आणि लेव्हल स्विच (पाणी खाली उतरलं की तोडणारा). कंट्रोलर वेडा झाला तरी हे दोघे लाइन तोडतात.

आणि सेन्सर. तो झाकणाच्या फटीतून नुसता सोडलेला असतो. वायरला धक्का लागला की तो बाहेर लोंबकळतो आणि खोलीचे 40 अंश दाखवतो. कंट्रोलरला हवे असतात 65, म्हणजे धान्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लावलेलं तापमान. तो हीटर बंद का करेल? सेन्सर ग्लँड (वायर घट्ट आवळून धरणारा नट) लावून भांड्यात पक्का बसवावा लागतो आणि पंपाने द्रव फिरता ठेवावा लागतो. नाहीतर तळाशी करपलेलं आणि वर कोमट, अशी गत होते.

लोडशेडिंगचा तर या मेसेजने विचारच केलेला नाही. लाइट जाते, तासाभराने येते. बहुतेक कंट्रोलर परत सुरू झाले की लगेच हीटर लावतात. मध्ये कॉक उघडा राहून पाणी उतरलेलं असेल तर हीटर कोरडा जळतो. म्हणून लाइट आल्यावर माणसाने बटण दाबेपर्यंत काहीच सुरू होऊ नये, अशीच जोडणी हवी. कॉन्टॅक्टरला होल्डिंग (बटण दाबलं की धरून ठेवणारी आणि लाइट गेली की सुटणारी जोडणी) देऊन हे सहज होतं. व्होल्टेजचंही तसंच आहे. 230 ऐवजी 180 आलं तर 1500 वॅटचा हीटर जेमतेम 900 वॅटचं काम करतो. मग ‘अमुक मिनिटांनी उकळेल’ हे टायमरवरचं गणित कोलमडतं.

एका युनिटचा हिशेब तर शाळकरी पोरही खोडून काढेल. 25 लिटर पाणी 30 अंशांवरून 100 ला न्यायला, भांड्याची उष्णता वाया गेली नाही असं धरलं तरी, 2 युनिटं लागतात. पुढे तासभर उकळत ठेवायचं म्हणजे 1500 वॅटने आणखी दीड. पंप आणि थंड करणं वेगळंच.

थंड करण्यावरून उन्हाकडे येतो. परदेशातल्या व्हिडिओत तांब्याच्या वेटोळ्यातून नळाचं पाणी सोडलं की उकळता रस (धान्याचा गोड अर्क, जो पुढे आंबवतात) वीस मिनिटांत गार होतो. त्यांचं नळाचं पाणी गार असतं. आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं मे महिन्यातलं पाणी अंगावर घेववत नाही. ज्या पाण्याने गार करायचं, त्याच्या खाली रसाचं तापमान जाणार कसं? एल या प्रकारच्या बिअरच्या नेहमीच्या यीस्टला 18 ते 22 अंश मानवतात, लागर या दुसऱ्या प्रकारच्या यीस्टला त्याहून बरेच कमी. आंबताना रस स्वतःही तापतो. चाळिशीत यीस्ट धावतं हे खरं, पण त्यातून थिनरसारखा वास आणि डोकं धरणारे जड अल्कोहोल तयार होतात. नॉर्वेच्या शेतघरांतलं क्वाइक नावाचं यीस्ट मात्र 35-40 अंशांनाही नीट काम करतं. पण मेसेज सांगतो ते बेकरीचं यीस्ट टाकायला. आणि ‘चार दिवसांनी बाटलीत भरा’ हा सल्ला तर घातकच. आंबणं पुरतं थांबलं नसेल तर बंद बाटलीत गॅस साठतो आणि काच फुटते.

या मेसेजला विरोध करणारेही एक चूक करतात. ‘घरच्या बिअरमध्ये मिथेनॉल होतं, माणसं मरतात’ असं ते लिहितात. धान्य आंबवून मिथेनॉल नगण्य होतं. 2015 साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली, ती दारूत मिथेनॉल मिसळल्यामुळे. खोट्या भीतीने खोटा मेसेज खोडता येत नाही.

राहिली ज्वारी. आपली दादर ज्वारी भाकरीला सोन्यासारखी, पण जवाच्या जागी तशीच टाकून चालत नाही. जवाचा स्टार्च 65 अंशांच्या आत फुलतो. ज्वारीचा फुलायला 68 ते 78 लागतात, आणि तेवढ्या उष्णतेत मोडातली एन्झाइम (स्टार्चची साखर करणारी द्रव्यं) मरू लागतात. शिवाय ज्वारीच्या मोडांत ती मुळातच कमी. म्हणजे 65 ला लावून झोपलात तर सकाळी पिंपात पिठाळ पेज. आयोडीनचा थेंब टाकून बघा, निळा-काळा होईल, म्हणजे स्टार्च तसाच आहे. आणि याहून महत्त्वाचं म्हणजे कोवळ्या ज्वारीत जनावर सोडू नये, हे खान्देशात लहान पोरालाही ठाऊक असतं. जनावर दगावतं ते सायनाइडने, आणि ते ज्या द्रव्यातून सुटतं ते मोड आलेल्या ज्वारीच्या कोंबातही असतं. मोड वाळवून कोंब आणि मुळं चोळून, पाखडून काढावीच लागतात. मेसेज म्हणतो, ‘मोडासकट वाटा.’

ज्यांचे हात शिवशिवताहेत त्यांनी सुरक्षित वायरिंगचं हेच यंत्र ज्वारीच्या गोड अर्कासाठी बनवावं. त्यासाठी माझं पॅनेल खुशाल मागा. स्टीलचं भांडं घ्या. ज्वारीचं पीठ आधी पाण्यात पूर्ण शिजवा, 60 अंशांवर येऊ द्या, मग कोंब काढलेलं मोडाचं पीठ घालून दोन तास तेच तापमान ठेवा. चव गोड झाली की गाळून उकळा आणि तिथेच थांबा. यीस्ट टाकायचं नाही. अर्क फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा, नाहीतर काकवीइतका घट्ट आटवून बरणीत भरा. आपल्या हवेत पातळ अर्क बाहेर राहिला तर तो आपोआप आंबायला लागतो.