व्हायरल आहे म्हणून अँटिबायोटिक?

काल संध्याकाळी धाकट्याला ताप, नाक गळतंय, म्हणून पॅरासिटॅमॉल आणायला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. काउंटरवरच्या माणसाने ड्रॉवर उघडला, अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची स्ट्रिप काढली, कात्रीने कचकन कापली आणि तीन गोळ्या पुढे सरकवल्या. मी मागितल्याही नव्हत्या! "चिठ्ठी नाहीये माझ्याकडे," म्हटलं, तर म्हणतो, "ताई, व्हायरल आहे सगळीकडे. तीन दिवसांचा कोर्स करा, मोकळं होईल."

डोक्यात तिडीक गेली माझ्या. व्हायरल आहे म्हणून? अहो, व्हायरल आहे म्हणूनच नको ना!

बावीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतेय. अझिथ्रोमायसिन जिवाणूच्या रायबोसोमला जाऊन चिकटतं, त्याचं प्रथिन बनवणं बंद पाडतं. पेनिसिलिन त्याला पेशीभित्तिका बांधू देत नाही. व्हायरल म्हणजे मात्र विषाणूचं दुखणं. आता दाखवा मला विषाणूची भिंत. दाखवा त्याचा रायबोसोम. फ्लूचा विषाणू म्हणजे आरएनएचे, म्हणजे त्याच्या जनुकीय माहितीचे, आठ तुकडे, भोवती प्रथिनं, आणि आपल्याच पेशीतून बाहेर पडताना अंगावर ओढून घेतलेलं चरबीचं आवरण, त्यावर काटे. मिलिमीटरचा दहा हजारावा भाग, बस. ना खाणं, ना श्वास. काटा पेशीला चिकटतो, पेशीच त्याला आत घेते, आरएनए केंद्रकात पोचतं आणि मग आपलीच पेशी राबराबून त्याच्या प्रती काढत बसते. कारखाना आपला, कामगार आपले, कच्चा माल आपला. ती गोळी मारणार कुणाला? पोटातल्या निरुपद्रवी जिवाणूंना! आणि त्यातून जे तगतात, ते पुढच्या वेळी गोळीला दाद देत नाहीत.

फ्लूवर औषध आहे, ओसेल्टामिविर. नव्या विषाणूंना पेशीपासून सुटू देत नाही. पण तेही ४८ तासांच्या आत सुरू केलं तर खरा फायदा, आणि द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवणार, कात्रीवाला नाही.

घरोघरी फ्रीजवर तो डबा असतोच, उरलेल्या गोळ्यांचा. "मागच्या वेळी याच गोळीने उतरलं होतं." नाही हो! सर्दी आपली आपणच उतरते, श्रेय गोळीला. आणि त्या जाहिराती, विषाणू असो, जिवाणू असो, बुरशी असो, सगळ्याला सरसकट 'किटाणू'! मुलं परीक्षेतसुद्धा तेच लिहितात. हे सगळं पुण्यात, जिथे १९५२ पासून विषाणूंवर संशोधन करणारी संस्था आहे, जिथे २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या धास्तीने तोंडाला रुमाल बांधून नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा लावल्या आपण. एवढं सोसून शिकलो काय?

स्ट्रिप उलटी करून मी त्याला मागची लाल रेघ दाखवली. "चिठ्ठीशिवाय देऊ नये, म्हणून असते ही."

"ते छापतातच हो."

मी गोळ्या परत सरकवल्या. माझ्या मागे उभ्या असलेल्या काकांनी हात पुढे केला, "त्या तीन मला द्या, माझंही व्हायरलच आहे." आणि त्याने दिल्या.