लायसन्सची फाइल न उघडता ॲप कसे चालवावे

कोल्हापूरच्या राजारामपुरीत दोन खोल्यांचे ऑफिस घेऊन आपण गुळाच्या अडत्यांसाठी वेब ॲप्लिकेशन काढले आहे. शाहू मार्केट यार्डातील सौद्यांचे रवे, वजन, हमाली, तोलाई आणि शेतकऱ्याची पट्टी असा सगळा हिशेब त्यावर मासिक वर्गणीत होतो, आणि त्याचा पाया म्हणून एक तयार ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांसाठी खुला असलेले, सॉफ्टवेअर आपण फुकट उतरवून घेतले आहे. याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. यापुढे एकच पथ्य पाळावे: त्या फोल्डरमधली, वापराच्या अटी सांगणारी 'लायसन्स' नावाची फाइल कधीही उघडू नये.

कोणी विचारलेच, तर 'आम्ही सॉफ्टवेअर कोणाला देतच नाही, ते आमच्या सर्व्हरवर चालते' हे उत्तर तोंडपाठ असावे. या उत्तराची खुबी अशी की ते अर्धे खरे आहे. जून 2007 मध्ये आलेल्या जीपीएल या ओपन सोर्स परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीतच म्हटले आहे की प्रत हाती न देता वापरकर्त्याला नेटवर्कवरून प्रोग्राम नुसता वापरू दिला, तर ते वाटप ठरत नाही. म्हणजे जीपीएलचा कोड हवा तसा बदलून आपल्या सर्व्हरवर चालवला, तरी सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, देण्याची सक्ती नाही. वाचन इथेच थांबवावे. कारण त्याच वर्षी नोव्हेंबरात ही फट बुजवणारी एजीपीएल या भावंड परवान्याची तिसरी आवृत्ती निघाली, आणि तिच्या 13 व्या कलमानुसार बदललेला प्रोग्राम नेटवर्कवरून वापरणाऱ्या प्रत्येकाला त्याचा सोर्स कोड विनामूल्य मिळेल अशी सोय, ठळक दिसेल अशा जागी, करून द्यावी लागते. असली कलमे वाचून रात्रीची झोप उडते.

'आम्ही काही बदललेलेच नाही' हा दुसरा बचावही तसा भक्कम आहे, कारण मूळ सॉफ्टवेअर जसेच्या तसे चालवणाऱ्याला हे कलम लागू होत नाही. तो करताना एवढीच काळजी घ्यावी की रव्यांच्या वजनाचा रकाना आणि अडत कापण्याचे गणित आपल्याच मुलांनी कोडमध्ये घुसवले आहे, हे समोरच्याच्या लक्षात येऊ नये. एखाद्या बड्या अडत्याने 'आमच्याच मशीनवर बसवून द्या' म्हटले, तर खुशाल बसवून द्यावे. तिथे साधी जीपीएलसुद्धा लागू होते आणि त्या अडत्याला सोर्स कोड मागता येतो, हे त्याला कोण सांगणार आहे?

अडत्याने पान उघडले की ते चालवणाऱ्या जावास्क्रिप्ट कोडची प्रत त्याच्या मोबाईलमध्ये उतरते, ही क्षुल्लक बाबही विसरावी. त्यातल्या बऱ्याच लायब्रऱ्यांना, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या संचांना, एमआयटी नावाचे लायसन्स असते आणि त्याची अट इतकीच की मूळ लेखकाची कॉपीराइट सूचना व परवान्याचा मजकूर प्रतीसोबत राहावा. तो बिनदिक्कत गाळावा, म्हणजे पान किलोबाइटभर हलके होते. जून 2025 मध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर कोल्हापूरचे नावही न घेता आपल्यासारखी चप्पल मिरवली, तेव्हा कारागिरांच्या श्रेयासाठी आपण व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर जो संताप व्यक्त केला, त्याचा या गाळलेल्या नावांशी संबंध जोडणारे लोक मुळात खवचट असतात.

डोनाल्ड ट्रम्प यांच्या ट्रुथ सोशल या समाजमाध्यमाचे उदाहरणही मनावर घेऊ नये. मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाच्या सॉफ्टवेअरच्या एजीपीएल कोडवर ते उभे आहे, पण सोर्स कोड दिलेला नाही, असा आक्षेप सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या खुल्या सॉफ्टवेअरचा पाठपुरावा करणाऱ्या संस्थेने ऑक्टोबर 2021 मध्ये जाहीरपणे घेतला, आणि पुढच्याच महिन्यात साइटवर कोडची झिप फाइल आली. त्यांना बहुधा चांगले वकील मिळाले नसावेत.

आपल्याला नोटीस आलीच, तर पहिल्या खेपेला ती मिळाल्यापासून 30 दिवसांत चूक दुरुस्त केल्यास परवाना पूर्ववत होतो, अशी सवलत एजीपीएलमध्येच आहे. दुरुस्ती म्हणजे पानाच्या तळाशी सोर्स कोडची लिंक. अडत्यांची खाती, पासवर्ड, शेतकऱ्यांच्या पट्ट्या यांतले काहीच कोणाला द्यावे लागत नाही. इतके सोपे काम आपल्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही. ते दिवस फाइलींची नावे बदलण्यात आणि मूळ लेखकांच्या खुणा पुसण्यात सत्कारणी लावावेत. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, आणि जाणूनबुजून केलेल्या भंगाला 63 व्या कलमाखाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड अशी तरतूद आहे, हे आपले वकील एकतिसाव्या दिवशी सांगतीलच. त्याआधी फोन करून त्यांची फी वाढवू नये.