वाट पाहण्याचे सात थर

मराठीत ‘वाट पाहणे’ आणि ‘वाट लागणे’ हे दोन वाक्प्रचार एकमेकांच्या इतके शेजारी का राहतात, हे मला पाच वर्षांच्या मुलाला धीर शिकवायला बसेपर्यंत उमगले नव्हते.

3 डिसेंबरला जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताहून, म्हणजे जत्रेहून, खाजे हा खाऊ घेऊन परतत असताना आमच्या चिरंजीवांना रस्त्याकडेच्या घरांवर लागलेली पहिली नक्षत्रे, म्हणजे नाताळाचे चांदणीकंदील, दिसली आणि त्या रात्रीपासून ‘नाताळ आज आहे का?’ हा प्रश्न घरात दिवसातून किमान दहा वेळा विचारला जाऊ लागला. हा स्वभाव तसा नवा नव्हता. दिवाळीत वाड्यावरच्या नरकासुराच्या पुतळ्याला पहाटेपर्यंत ताटकळत ठेवणे त्याला अमानुष वाटले होते आणि संध्याकाळीच जाळून सगळ्यांनी वेळेवर झोपावे, अशी त्याची सूचना होती. परंतु या वेळी मी ठरवले की, आता शिस्त लावायची. हल्लीच्या मुलांना सगळे तत्काळ मिळते, त्यामुळे वाट पाहण्यातला आनंद त्यांना ठाऊकच नसतो, असे एक छोटेखानी व्याख्यान मी बायकोला दिले. तिने ते भाजी निवडता निवडता ऐकून घेतले आणि ‘मग शिकव की’ एवढेच म्हणाली.

मदतीला शेजारच्या आंटी धावून आल्या. गणेशचवथीला आमच्याकडून त्यांच्याकडे नेवऱ्या जातात आणि नाताळाला त्यांच्याकडून कोन्सुआदाचे, म्हणजे नाताळाच्या गोडधोडाचे, ताट येते, असा दोन घरांचा जुना व्यवहार आहे. त्यांनी मूठभर नाचणी चिरंजीवांच्या हातात ठेवली आणि करवंट्यांत माती भरून ती पेरायला सांगितली, कारण येशूजन्माच्या गोठ्यात हिरवळ म्हणून ही कोवळी रोपे मांडायची असतात. धीर शिकवायला याहून उत्तम साधन कोणते असणार, असे मला वाटले. चार-पाच दिवसांत कोंब येतात. पण ज्या बियांची दर दोन तासांनी माती उकरून तपासणी होते, त्यांनी यावे तरी कसे? तपासणीवर बंदी आली, तेव्हा त्याने उपचार सुरू केले. दूध प्यायले की भरभर वाढतात, हे आम्हीच त्याला रोज सांगत असल्यामुळे त्याने स्वतःच्या पेल्यातले अर्धे दूध करवंट्यांना पाजले. कोंबांच्या आधी मुंग्या आल्या. नाचणी दुसऱ्यांदा पेरावी लागली आणि या खेपेस करवंट्या कपाटावर चढल्या, जिथे त्यांची चौकशी करण्यासाठी मलाच वारंवार स्टुलावर चढावे लागे.

नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या चार रविवारच्या चार मेणबत्त्यांचे प्रकरण लवकर आटोपले. आंटी दर रविवारी एक वाढवत नेतात, हे त्याला कंजूषपणाचे वाटले. वाढदिवसाला आपण सगळ्या एकदम लावतो, हा त्याचा युक्तिवाद मला खोडता आला नाही.

खरी कसोटी बेबिंकाची, म्हणजे थरांवर थर रचून केलेल्या गोव्याच्या गोड पदार्थाची. नारळाचा रस, अंड्यांचे बलक, साखर, मैदा, तूप आणि जायफळ एवढ्यानेच होणारा हा पदार्थ घाईचा जन्मजात वैरी आहे, कारण एक थर वरच्या निखाऱ्यांच्या धगीने खरपूस झाल्याशिवाय त्यावर तूप सोडून दुसरा ओतता येत नाही. आंटी अजूनही नारळाच्या सोडणांच्या निखाऱ्यांवरच बेबिंका करतात आणि त्या दिवशी एकेका थराला अर्धा तास लागत होता. चिरंजीव पाटावर ठाण मांडून बसले. पहिल्या थराला ‘झाले?’, दुसऱ्याला ‘आता?’, आणि चौथ्याला त्यांनी ‘एवढे पुरे’ असा निर्णयच दिला. सातवा थर उतरला तेव्हा बशी तयार होती आणि आंटी शांतपणे म्हणाल्या, ‘आता निवू दे बाबा, उद्या कापूया.’ त्याच्या चेहऱ्यावरचे भाव पाहून मलाच भरून आले. मात्र त्या दिवसापासून वेळ मोजण्याचे एक नवे माप घरात आले. आंघोळीचे पाणी तापायला अर्धा थर लागतो आणि आजी देवळातून परतायला दोन.

24 तारखेला दुपारी आईने देवघरातला रांगता बाळकृष्ण नाहीसा झाल्याची वर्दी दिली. शोधाशोध करून मी आंटींकडे पोहोचलो, तर गोठ्यात येशूचे आईवडील मारिया आणि जुझे यांच्यामध्ये गवतावर आमचे लोणीचोर विराजमान. बाळ येशूला मध्यरात्रीच्या मिसेच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेच्या, वेळीच ठेवायचे असल्यामुळे गव्हाण रिकामी होती आणि सगळे नुसतेच बघत उभे आहेत, हे चिरंजीवांना सोसवले नाही. ‘तो येईपर्यंत हा राहील,’ असे त्याने सांगितले. आंटींनी बाळकृष्णाला हलवू दिले नाही. आईची अट एकच होती, दिवेलागणीआधी परत आणा. आणि त्याप्रमाणे तो नाचणीच्या दोन काड्यांसह वेळेवर परत आला.

नाताळाचे ताट आले. बेबिंका, दोदोल, कुलकुल यांचा यथास्थित समाचार घेतला गेला. हा विषय संपला, अशा समाधानात मी दुसऱ्या दिवशी सकाळी आरामखुर्चीत पडलो असताना चिरंजीव धापा टाकत आले. गोठ्यापासून लांब, टेबलाच्या पार कडेला बाळ येशूच्या भेटीला निघालेले तीन राजे उंटांसह उभे होते आणि ते 6 जानेवारीला पोहोचणार, अशी बातमी त्यांना आंटींकडून लागली होती. त्या दिवशी रेइश मागूश गावच्या चर्चमध्ये राजांचा वेश केलेली मुले खरोखरच्या घोड्यांवर बसून येतात, हे सांगण्याची दुर्बुद्धी मला झाली.

‘म्हणजे किती थर?’ त्याने विचारले.

अकरा दिवस, 264 तास, अर्ध्या तासाला एक थर. मी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर हिशेब मांडला आणि 528 असे उत्तर दिले. त्याने ते गंभीरपणे ऐकून घेतले, थोडा वेळ विचार केला आणि आंटींकडे तेवढी अंडी आहेत का, हे पाहायला तो पळत गेला.