म्हणे, पुन्हा इन्स्टॉल करून पाहा!

सोसायटीच्या कार्यालयातील विंडोज ७ च्या संगणकावर थकबाकीवरील व्याजाच्या प्रोग्रामसाठी काल रात्री पायथॉन ३.१० (पायथॉन ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा) बसवायला घेतले आणि माझा रक्तदाब कुठवर चढला, हे मोजण्याचे धाडस मी अद्याप केलेले नाही. इन्स्टॉलरने विंडोज ८.१ किंवा त्यापुढची आवृत्ती हवी असे सांगून हात वर केले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. विंडोज ७ चा विस्तारित सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि त्याच ऑक्टोबरात आलेल्या पायथॉन ३.९ ने तिला वगळले. हा हिशेब निर्दय असला, तरी सरळ आहे.

खरा अपमान पुढे झाला. इन्स्टॉलर टाळून मी झिप फाइल उतरवली, उघडली आणि पायथॉन सुरू केले, तर पडद्यावर चौकट आली की ‘एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ-एल१-१-०.डीएलएल’ ही फाइल संगणकात नाही, तेव्हा प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल करून पाहावा. त्या फाइलमागची फंक्शन्स विंडोज ८ पासूनची आहेत. मग पायथॉन जन्मभर इन्स्टॉल करत बसलो, तरी विंडोज ७ मध्ये ती उगवणार कोठून? ‘तुमच्या यंत्रावर हे चालणार नाही’ एवढे एक वाक्य लिहायला कोणाचे काय जात होते? त्याऐवजी हा साळसूद सल्ला, आणि तो मानून रात्री उशिरापर्यंत तेच बटण दाबणारी आपल्यासारखी माणसे! हीच फाइल कुठल्यातरी अनोळखी संकेतस्थळावरून उतरवून विंडोजच्या सिस्टम३२ या फोल्डरमध्ये टाका, असे हसत सांगणाऱ्या व्हिडिओवाल्यांविषयी मी सचिवपदाची मर्यादा सांभाळून गप्प बसतो.

‘३.८ बसवा की!’ असे म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे. ३.८ बसते, परंतु थकबाकीवरील व्याजाचा प्रोग्राम ज्या सभासदाच्या चिरंजीवांनी लिहून दिला, त्यांनी त्यात ‘मॅच’ ही रचना वापरली आहे, ती ३.१० मध्ये आली, आणि ३.८ त्या ओळीवर सिंटॅक्स एरर, म्हणजे ‘ही ओळ मला कळत नाही’ अशी तक्रार, देऊन मोकळे होते. चिरंजीव आता बंगळुरूला असतात आणि फोनवर ‘काका, सिस्टीम अपग्रेड करा ना’ एवढेच म्हणतात. कशावर करू? विंडोज १० चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती या जुन्या यंत्रात कुठली असणार? क्रोमने आवृत्ती १०९ नंतर आणि प्रोग्राम लिहायच्या व्हीएस कोडने १.७० नंतर आमची संगत सोडली, तेव्हाच मी ओळखायला हवे होते की महापालिकेने इमारत सी-१, म्हणजे अतिधोकादायक, ठरवल्यावर आत राहणाऱ्यांना जशी वागणूक मिळते, तशीच आमच्या संगणकाची गत होणार आहे.

बराच वेळ मी त्या चौकटीला तोंडी उत्तरे देत होतो, असे वॉचमनचे म्हणणे आहे, आणि शेवटी त्याने ‘साहेब, पंखा तरी लावा’ असे सुचवले.

नवा संगणक घ्यावा, तर खर्चाला सर्वसाधारण सभेची मंजुरी हवी, आणि गेल्या सभेत ‘चालतोय ना जुना?’ असे म्हणत ज्या गृहस्थांनी ठराव हाणून पाडला, त्यांच्याच थकबाकीवर द.सा.द.शे. २१ ने सरळव्याज मी आज सकाळपासून कॅल्क्युलेटरवर काढत बसलो आहे.