केम्ब्रिजच्या नावावर पोरांना स्पेलिंग सोडायला लावू नका

ते फॉरवर्ड परत फिरतंय. अक्षरं उलटीपालटी केलेला इंग्रजी परिच्छेद, आणि दावा असा की केम्ब्रिज युनिव्हर्सिटीच्या संशोधनानुसार शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर असलं की मधली कशीही टाका, काही फरक पडत नाही. एरवी सोडून दिलं असतं, पण आठवीतल्या भाच्याला वहीतलं स्पेलिंग सुधार म्हटलं तर त्याने हेच पुढे केलं, "मामा, केम्ब्रिजनेच सांगितलंय", आणि ताईपण म्हणे खरंच असेल.

नाही गं ताई. २००३ मध्ये हा मेसेज पसरला तेव्हा केम्ब्रिजमध्येच भाषा आणि मेंदूवर काम करणाऱ्या मॅट डेव्हिसने शोधाशोध केली, तर तिथे असं संशोधन करणारं कोणी सापडलंच नाही. अक्षरं फिरवण्यावरचं जुनं काम आहे ते ग्रॅहम रॉलिन्सनचं, १९७६ चा पीएचडीचा प्रबंध आणि तोही नॉटिंगहॅमचा.

आता ते "फरक पडत नाही". भाच्याच्या वहीत गाई-म्हशींच्या डेअरीची डायरी झाली होती, कारण डी-ए-आय-आर-वाय मधली ए आणि आय फिरली, पहिलं-शेवटचं अक्षर अगदी जागेवर! ट्रायल म्हणजे चाचणी, तीच दोन अक्षरं फिरवली की ट्रेल म्हणजे पायवाट. सेक्रेड म्हणजे पवित्र आणि स्केअर्ड म्हणजे घाबरलेला, अक्षरं तीच. युनायटेडमधली आय आणि टी फिरवा, अनटाइड होतं, म्हणजे एकत्र आलेलं थेट सुटलेलं होतं. आणि फॉर्मच्या जागी फ्रॉम तर रोज कोणीतरी टाइप करतं, स्पेलचेक लाल रेघसुद्धा मारत नाही कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. परीक्षेत मार्क कोणाचे जाणार, फॉरवर्ड करणाऱ्याचे?

बरं, तो परिच्छेद वाचता येतो हे खरंय, मान्य. पण त्यात दोन-तीन अक्षरी शब्द भरपूर, ते या नियमाने बदलतच नाहीत, आणि बाकीच्यांत बरीचशी शेजारशेजारचीच अक्षरं फिरवलीत, मग संदर्भाने कळतं. "शंभरातले ५५ च वाचू शकतात" ही ओळ तर नुसती थाप.

शेवटी मी कॉन्स्टिट्यूशन हा शब्द घेतला, सी आणि एन जागेवर ठेवून मधली सगळी अक्षरं उलट क्रमाने लिहिली आणि भाच्यापुढे ठेवला. बराच वेळ बघत बसला, नाही आलं वाचता. मग गपचूप वही ओढून डेअरी नीट लिहिलं.