गुप्त मंडळाच्या आतलं गुप्त मंडळ

आमच्या सोसायटीचे सध्या तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत. एक सगळ्यांचा, एक कमिटीचा आणि एक कमिटीतल्या चौघांचा, जो बाकीच्यांना माहीत नाही. चौथा असलाच तर त्यात मी नसेन, पण तिसऱ्यात आहे, हे आधीच कबूल करतो. नाहीतर पुढचं सगळं वाचून कुणीतरी स्क्रीनशॉट टाकेलच.

गेले दोन आठवडे रात्री जेवण झालं की मी गोल्डन डॉनबद्दल वाचतोय. सिनेमातला डॉन नाही, डॉन म्हणजे पहाट. हे जादूविद्या शिकणाऱ्यांचं एक गुप्त मंडळ. पूर्ण नाव ‘हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन’, स्थापना लंडनमध्ये १८८८ साली, व्हिक्टोरिया राणीच्या काळात. संस्थापक तिघं, तिघंही फ्रीमेसन, म्हणजे आणखी एका जुन्या गुप्त बंधुसंघाचे सभासद. त्यातला विल्यम वेस्टकॉट हा पेशाने कॉरोनर, म्हणजे दिवसा संशयास्पद मृत्यूंची सरकारी चौकशी आणि संध्याकाळी झगा घालून देवदूतांना आवाहन. हे मला फार आवडलं.

वेस्टकॉटकडे सांकेतिक लिपीतली काही पानं होती. त्यांत म्हणे जर्मनीतल्या श्प्रेंगेल नावाच्या बाईंचा पत्ता निघाला. त्यांनी पत्रातून लंडनमध्ये शाखा काढायची परवानगी दिली आणि दोन-तीन वर्षांत त्या वारल्याचंही पत्रानेच कळलं. त्यांना प्रत्यक्ष कुणी पाहिलं नव्हतं. लंडनच्या पहिल्यावहिल्या शाखेला नंबर मात्र दिला ३. एक आणि दोन आधीपासून आहेत असं वाटायला नको का! चेकबुकातला पहिला चेक फाडताना लाजणारे आपणच नाही तर.

पण नुसती थट्टा करून सोडून देण्यासारखं हे प्रकरण नाही. त्या काळातल्या लंडनच्या बड्या क्लबांच्या दारात बाईला उभं करत नसत. इथे बायका पहिल्यापासून बरोबरीने होत्या. त्याच परीक्षा, त्याच पायऱ्या, तेच अधिकार. कवी येट्स १८९० मध्ये आला. नटी फ्लॉरेन्स फार (‘फार’ हे तिचं आडनाव) होती, ऑस्कर वाइल्डची बायको कॉन्स्टन्स काही काळ होती. (‘ड्रॅक्युला’ लिहिणारा ब्रॅम स्टोकरही होता असं रील्सवर सांगतात. त्याला पुरावा नाही.) ही मंडळी हिब्रू अक्षरं घोकत, ज्योतिष शिकत. आणि गंमत म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही आपली पंचतत्त्वंही वापरत. पृथ्वीचा पिवळा चौकोन, आपाची रुपेरी चंद्रकोर, तेजाचा लाल त्रिकोण. चित्राकडे टक लावून बघायचं, डोळे मिटायचे आणि मनाने त्या आकृतीतून पलीकडे जायचं. हा माल थिऑसॉफीवाल्यांकडून गेलेला. त्यांचं मुख्य कार्यालय १८७९ ते १८८२ आपल्या मुंबईतच होतं.

आता भांडण. सगळे सांगतात ते क्रॉली नावाच्या एका सभासदाचं. दुसरा संस्थापक मॅथर्स पॅरिसला जाऊन बसला होता आणि तिथून हुकूम सोडत होता. फेब्रुवारी १९०० मध्ये त्याने फ्लॉरेन्स फारला लिहिलं की श्प्रेंगेलबाईंची ती पत्रं वेस्टकॉटने स्वतःच बनवली. बारा वर्षं ज्या पायावर बसलो तो खोटा! लंडनकरांनी खुलासा मागितला, तर मॅथर्सने अ‍ॅलिस्टर क्रॉलीला पाठवलं. या क्रॉलीला लंडनवाल्यांनी वरची पायरी नाकारली होती, ती मॅथर्सने पॅरिसमध्ये परस्पर दिली होती. एप्रिलमध्ये क्रॉलीने हॅमरस्मिथच्या ३६, ब्लाइद रोड या जागेत घुसून कुलपं बदलली. दोन दिवसांनी तो पुन्हा आला. स्कॉटिश पोशाख, तोंडावर काळा मुखवटा, छातीवर मोठा सोनेरी क्रूस, कमरेला खंजीर. येट्स होता, घरमालक होता. घरमालकाने पोलीस बोलावला आणि देवदूतांना हाका मारणारा हा वीर मुकाट्याने गेला. पुढे कोर्टात त्याने दावा मागे घेतला आणि वर ५ पौंड खर्चाचे भरले. तिकडे मॅथर्स सुक्या वाटाण्यांना बंडखोरांची नावं देऊन ते चाळणीत खडखडवत होता, असं सांगतात. वाटाण्यांचं पुढे काय झालं ते कुणी लिहिलेलं नाही. आमटी झाली असावी.

माझं म्हणणं एवढंच की खरी गोष्ट या तमाशानंतर सुरू होते आणि ती कुणी सांगत नाही. तिची नायिका ॲनी हॉर्निमन.

चहाच्या बड्या व्यापाऱ्याच्या घरातली मुलगी. मॅथर्स नवरा-बायकोचा पॅरिसचा खर्च वर्षानुवर्षं हिने उचलला. प्रश्न विचारायला लागली, पैसे थांबवले, तर १८९६ मध्ये त्याने हिलाच काढून टाकलं. लंडनकरांनी मॅथर्सला काढून टाकल्यावर ती परत आली आणि दप्तर हातात घेतलं. बघते तर नोंदी अर्धवट, परीक्षांचे नियम ढिले आणि फ्लॉरेन्स फारने मंडळाच्या आत स्वतःचा बारा जणांचा गुप्त गट काढलेला. ठरलेल्या वेळी, एकत्र जमून किंवा आपापल्या घरी बसून, हे बारा जण ध्यानात एकमेकांना गाठायचे. झूम कॉलच, इंटरनेटविना.

हॉर्निमनबाईंनी विचारलं, याची नोंद कुठे आहे? परवानगी कुणी दिली? आणि सगळे तिच्यावर उखडले. जाच करते, किरकिर करते, हिला अध्यात्म कळत नाही. येट्स तिच्या बाजूने उभा राहिला. १९०१ च्या फेब्रुवारीतल्या सभेत दोघंही हरले. मग येट्सने त्यावर पत्रकही छापलं.

इथे मी फोन बाजूला ठेवला. गेल्या सर्वसाधारण सभेत आमच्याकडच्या एका काकूंनी लिफ्टच्या दुरुस्तीची कोटेशनं मागितली होती. ‘काकू, सगळं नियमाने बघितलं तर कामं होतील का?’ असं म्हणणारा मीच होतो. चौघांच्या ग्रुपवर त्या रात्री हसण्याच्या इमोजी होत्या, त्यातली एक माझी.

गुप्ततेला तळ नसतो हो. एकदा ‘आपण आणि ते’ अशी भिंत घातली की भिंतीच्या आतही तीच सवय चालू राहते. पहिल्या दिवशी बनावट पत्र चालवून घेतलं, मग नोंद नसलेला गट चालवून घ्यायला काय जातंय? त्याच वर्षअखेर एका भामट्या जोडप्याच्या खटल्यात गोल्डन डॉनचे विधी भर कोर्टात वाचले गेले आणि उरलीसुरली अब्रूही गेली.

हॉर्निमनबाईंनी नंतर चहाचे पैसे नाटकात घातले. १९०४ मध्ये येट्स आणि मंडळींना डब्लिनचं ॲबी थिएटर उभं करून दिलं. तिथेही तिची अट होती, सहा पेन्सची स्वस्त तिकिटं विकायची नाहीत. १९१० मध्ये राजा सातवा एडवर्ड वारला तेव्हा थिएटर बंद ठेवलं नाही, म्हणून तिथलेही पैसे थांबवले.

काकूंना उद्या कोटेशनं पाठवतो आहे. तिन्ही.