जपानी वाडा

टोकियोला ३ महिन्यांसाठी जायचं ठरलं. कंपनीच्या मेलमध्ये राहण्याच्या जागेपुढे 'मंथली मॅन्शन' असं लिहिलं होतं. ते मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं, इथेच चुकलो. संध्याकाळपर्यंत आमच्या कोथरूडच्या सोसायटीत बातमी होती की याला जपान्यांनी राहायला वाडा दिलाय. खालच्या काकूंनी तर "झाडलोटीला गडीमाणसं असतील ना रे?" हेही विचारून घेतलं.

जपानीत 'मॅन्शन' म्हणजे काँक्रीटच्या इमारतीतला साधा फ्लॅट. हे ज्ञान मला दार उघडल्यावर झालं. आत पाऊल टाकलं की स्वयंपाकघर, म्हणजे एक शेगडी. पुढे ६ तातामींची खोली. तिथे खोल्या चटयांत मोजतात; ६ चटया म्हणजे साधारण १० चौरस मीटर. मी बॅग उघडली की मला पलंगावर चढावं लागे, आणि मी खाली उतरलो की बॅगेला मिटावं लागे. संडास, बेसिन आणि टब एकाच प्लास्टिकच्या साच्यातून काढलेले. त्याला 'युनिट बाथ' म्हणतात. तोंडाला साबण लावून डोळे मिटले, की हाताला नक्की काय लागेल याचा भरवसा नाही.

तक्रार तरी कुठल्या तोंडाने करणार? ३ महिने हॉटेलात म्हटल्यावर आमच्या अकाउंट्सवाल्यांना घाम फुटला होता. रीतसर घर घ्यावं, तर सहसा २ वर्षांचा करार, जामीनदार, 'शिकिकिन' म्हणजे डिपॉझिट, आणि पुष्कळ ठिकाणी वर 'रेइकिन'. म्हणजे घर दिल्याबद्दल मालकाला आभाराचे पैसे, जे कधीच परत मिळत नाहीत. (पुण्यातल्या घरमालकांना ही प्रथा कृपया कोणी कळवू नका.) मॅन्शनला ही भानगड नव्हती. पलंग, फ्रिज, दोन ताटल्या सगळं आयतं. महिन्याचं भाडं भरा आणि अंग चोरून राहा.

खरी पंचाईत कुकरची झाली. "बाहेरचं खाऊ नकोस" म्हणत आईने माझे दोन स्वेटर काढून बॅगेत ॲल्युमिनियमचा कुकर कोंबला होता. शेगडी निघाली इंडक्शनची. कुकर ठेवला की ती पीप-पीप करून बंद पडे. शेवटी निशी-कासाईला गेलो. २००० सालाच्या संगणक-घोळाच्या सुमारास आलेल्या आपल्या इंजिनियरांमुळे तिथे भारतीय वस्ती जमलीय. तूरडाळ आणली आणि भाताच्या इलेक्ट्रिक कुकरात लावली. वरण झालं, त्यातलं निम्मं झाकणाच्या भोकातून भिंतीवर गेलं.

ते पुसत असतानाच आईचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन जागच्या जागी गर्रकन फिरवला.

"बरी आहे रे ही अडगळीची खोली," आई म्हणाली. "आता घर दाखव."

३ महिन्यांनी परत आलो. आईने बॅगेतून कुकर काढला, उजेडात धरून चहूबाजूंनी पाहिला आणि काकूंना हाक मारली, "बघा हो, रोज वापरून कसा नवाकोरा ठेवलाय!"